आवाज न करण्याच्या अटीवर

यंदाही होळी झाली आणि शाळा सकाळची झाली. आता पोरी दिवस डोक्यावर आला की घरी येतात. ओढणी डोक्यावरून घेतलेली, दप्तर पुढे पोटाशी धरलेलं, चपला धुळीत फटक फटक वाजताहेत. मी ओसरीत खाट टाकून पडलेली असते. डोळे मिटले तरी चपलांवरून कोण गेली ते कळतं. एकेक गेली की माझा जीव एकेक शेर हलका होतो. सगळ्या गेल्याशिवाय मला दुपारची झोप लागत नाही. बघा, म्हातारपणी झोपेचं असं पोरींच्या चपलांशी लग्न लागलंय.

लोक रात्रीला उगाच बदनाम करतात. आमच्या तापीकाठी रात्री कोणी ना कोणी जागं असतंच. पंपाची लाईट रात्रपाळीची असली की माणसं शेतात, मारुतीच्या ओट्यावर पत्ते, वर कुत्र्यांची ड्यूटी. खरी सुनसान वेळ म्हणजे चैत्र-वैशाखाची भर दुपार. गुरं सावलीत, माणसं पंख्याखाली, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. पपईचा एखादा ट्रक गेला की मागची धूळ किती तरी वेळ हवेतच उभी राहते, तिलाही खाली बसायचा कंटाळा. गहू निघून गेलेले असतात, शेतं उघडी पडलेली असतात, आणि त्या उघड्यावाघड्या रानात एकच गोष्ट हिरवी आणि दाट उभी असते, ती म्हणजे केळी.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पुढच्या गावाचा रस्ता ज्वारी-भुईमुगातून जायचा. ज्वारीचे दिवस सोडले तर बाकी वर्षभर माणूस कुठूनही दिसायचं. सासूबाई घराच्या गच्चीवरून बघून सांगायच्या, लाल लुगडं येतंय म्हणजे तुझी आई आली. मग नदी अडवली, पाणी आलं, दोन्ही अंगांनी केळी झाल्या. पैसा आला, पक्की घरं आली, खोटं कशाला बोलू. पण रस्ता मात्र बोगदा झाला. केळीच्या बागेत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन एकदम तुटतं, गार ओला वास येतो, आणि वारा सुटला की पानांचा इतका फडफडाट होतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही.

तो उन्हाळा मला विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. आमची नानी, म्हणजे माझी मोठी जाऊ, तेव्हा जिवंत होती, आतल्या खोलीत खाटेला खिळलेली. शेजारच्या दिलीपची थोरली पोर कोमल नववीत होती. पुढच्या गावच्या हायस्कुलात जायची. एका दुपारी ती स्वतःच्या घरी न जाता थेट माझ्या ओसरीत आली. ड्रेसची एक बाही खांद्यापासून उसवलेली. मी माठातलं पाणी दिलं. पोटभर प्यायली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "जिजी, सुई-दोरा दे. माय येवाना पहिले शिवी लेस."

बाही शिवता शिवताच तिने सांगितलं. मोटारसायकलवर दोघं, तोंडाला रुमाल. एकाने हात धरला, हिने हिसका दिला. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून ते निघून गेले. एवढंच. टाके मात्र बारीक घालत होती, एकसारखे. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. त्या सारखेपणाचीच मला जास्त भीती वाटली.

आयांपासून असलं लपत नाही. शारदाने, तिच्या आईने, शिवण बघितली आणि संध्याकाळी दिलीप अंगणात उभा राहून मला म्हणाला, "जिजी, नववीना पेपर व्हई जाऊ दे. मंग घर बसाडी देस तिले."

"आणि दहावी?"

"दहावी काय कामनी? पोर धडपने घर यी जाई असं माले कोनी दखाडं, तर धाडसू. नही तर नही."

पोर सुखरूप घरी येईल एवढीच खात्री त्याला हवी होती; दिलीप वाईट माणूस नव्हे. पोरीवर जीव होता म्हणूनच तो असं बोलत होता. आमच्याकडे पोरींची शाळा बंद पडते ती बहुतेक वेळा मायेपोटीच बंद पडते.

मग मी रेखाताईला फोन केला. शहाद्याला माझ्या भावाच्या नातीला ती कराटे शिकवायची. मूळची वरची, सातपुड्यातली, पावरा समाजाची. बुटकी, काळीसावळी, स्कूटीवरून यायची. तिची पावरी आम्हाला कळायची नाही, आमची अहिराणी तिच्या जिभेवर बसायची नाही, म्हणून दोघी शाळेतलं मराठी बोलायचो. ती म्हणाली, "शाळा सुटल्यावर, ऊन उतरलं की येत जाईन. जागा द्या आणि गावाची परवानगी घ्या. परवानगीशिवाय मी शिकवत नाही. मागे एका गावात माझ्या स्कूटीची हवा सोडली होती."

परवानगी! मला वाटलं, त्यात काय. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणाले, मैदान देतो, पण सरपंचबाईंचं हो आणा. सरपंचबाई माझ्या भाचसूनच लागतात, त्या म्हणाल्या, जिजी, मी कुठे नाही म्हणते, पण ओट्यावरच्यांना एकदा विचारून घ्या. आणि ओट्यावर पुरुषोत्तमभाई. गावातलं जुनं घराणं, आवाज कधी चढत नाही, शाळेच्या नळाला पाणी त्यांच्याच विहिरीचं. ते हसून म्हणाले, "दखूत, जिजी. दखूत." पाहू. कोणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं.

असे आठ-पंधरा दिवस गेले तेव्हा मी रेखाताईला म्हटलं, तू एकदा येऊन तर जा. घरामागच्या माझ्या खळ्यात करून दाखव. खळं माझं आहे, तिथे बोलावायला मला कोणाचं हो लागत नाही.

ऊन कलल्यावर पोरी आल्या. गव्हाचा भुसा कडेला लोटलेला, मधली जमीन सारवलेली, गुळगुळीत. ओढण्या कमरेला बांधल्या. पोरी एकमेकींना चिमटे काढत होत्या, कोणाची वेणी ओढत होत्या. रेखाताईने सगळ्यांना रांगेत उभं केलं. मला वाटलं आता लाथा-बुक्क्या शिकवेल. तिने सांगितलं, "आधी आवाज. हात नंतर."

पोरी फिदीफिदी हसल्या. एकीने तोंडावर हात ठेवला, मग सगळ्यांनी ठेवला. आमच्याकडे पोरीला हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो. रेखाताईने एकेकीचा हात खाली केला. स्वतःच्या पोटावर तळवा ठेवला. "घशातून नाही. इथून." आणि तिने असा आवाज काढला की माझ्या कडुनिंबावरचे सगळे राघू उडाले.

पोरींचा आधी नुसता वारा निघाला. मग चिरका, मग मांजरीसारखा. कोमलचा तर निघेचना. तिचं तोंड उघडायचं, मान ताठ व्हायची, आणि तेवढ्यावरच थांबायचं. रेखाताई तिच्या पाठीशी उभी राहिली, पोटावर हात धरला, आणि कानात काही तरी म्हणाली. काय म्हणाली ते मी कधी विचारलं नाही. आणि पोरीचा आवाज सुटला. बाई गं! तिच्या मागून सगळ्यांचा सुटला. एकदम. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. बायकांचा एकदम आवाज उठला, की त्याचा अर्थ एकच, घरात कोणी तरी गेलं. फोन नव्हते तेव्हापासूनचं हे. घरातून हंबरडा उठायचा आणि शेतातली माणसं हातातलं टाकून धावत यायची. आता फोन आले तरी कान जुनेच आहेत.

तर पोरी ओरडताहेत, आणि तिकडून माणसं धावत येताहेत. कोणी पंप चालू सोडून, कोणी अर्ध्या दाढीने, साबण तसाच गालाला. सगळ्यांच्या पुढे मगन. मगन म्हणजे गावात कोणाकडेही रडणं उठलं की पहिला पोचणारा माणूस. तिरडीचे बांबू तोच तोडतो. दुःखाच्या घरी त्याला बोलवावं लागत नाही. त्या दिवशीही तो कुऱ्हाड घेऊनच आला होता.

"कव्हय गई नानी?" धापा टाकत विचारतो.

तेवढ्यात आतून नानीचा आवाज, "कोन मरनं वं, जिजी?"

पोरी इतक्या हसल्या की जमिनीवर बसल्या. मीही हसले. पण धावत आलेल्यांतलं कोणी हसलं नाही. मगनने कुऱ्हाड पाठीमागे घेतली, जणू चोरी पकडली होती. बाकीचे माझ्याकडे, मग त्या परक्या बाईकडे, मग आपापल्या पोरींच्या कमरेला बांधलेल्या ओढण्यांकडे बघत उभे राहिले. कोणी मेलं नाही म्हणून रागावलेली माणसं मी आयुष्यात त्या एकाच दिवशी पाहिली.

त्याच संध्याकाळी ओट्यापुढे बसलो. मी, रेखाताई, दोन-तीन आया पदर घेऊन मागे. पोरी समोरच्या शाळेच्या कुंपणाशी उभ्या.

एकजण म्हणाला, "डोंगरमाइन बाई ई आनि आपली पोरीस्ले मारामारी शिकाडी? उद्या लगीन कोन करी त्यास्नासंगे?"

मी म्हटलं, "का रे, आखाजीला नाल्यावर आपल्याच लेकीसुना पलीकडच्या गावाला शिव्या देतात, ढेकळं मारतात, तेव्हा कोणाचं लग्न मोडलं?"

"आनि जिजी तर गये साल पलाडनी बाईनी येनीच धरी बठेल व्हती!" मागून कोणी तरी बोललं, आणि सगळा ओटा हसला. मीही हसले, कारण अक्षय्य तृतीयेच्या त्या शिवीगाळीत मी तिची वेणी खरंच धरली होती.

पुरुषोत्तमभाई हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आखाजी वर्षमा एक दिन. तो गौराईना मान शे. तुन्हं हाई रोजनं व्हई, जिजी. माले पोरीस्ना हातपायनी काळजी नही. शिकू द्या. पन आवाज? आज लोके पयत उनात. उद्या उनात. परवा म्हनतीन, पोरीस्नी शिकवनी चालू व्हई. आनि त्याच दिन कोनाना घर खरंच काही घडनं तर? कोन येई?"

खरं सांगते, अजूनही मला त्यांचं बोलणं मूर्खपणाचं वाटत नाही. म्हणूनच ते इतकं सलतं.

मग ठरलं. परवानगी आहे. सोसायटीचं जुनं गोदाम वापरा. दारं लावून घ्या, आणि आवाज करायचा नाही.

रेखाताई उठली. म्हणाली, "आमच्याकडे वर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर बाई हाक मारते, आणि समोरून बाईच उत्तर देते. तुमचं एवढं सपाट रान, मध्ये एक टेकाड नाही, आणि तुम्हाला आवाजाची अडचण होते. आवाज नसेल तर मी शिकवणार नाही. ते अर्धं होईल." आणि स्कूटीकडे चालू लागली.

पोरी कुंपण सोडून तिच्या मागे धावल्या. कोमल पुढे. "ताई, आम्ही चूप करसूत. तोंड उघडसूतच नही. पन शिकाडा."

शेजारून जाणाऱ्या कोणालाही वाटलं असतं, पोरी भीक मागताहेत. रेखाताईने स्कूटीला किल्ली लावली, पोरींकडे पाहिलं. मग किल्ली काढली.

चैत्र संपत आलेला. पत्र्याचं गोदाम, खताचा डोळ्यांत चुरचुरणारा वास, शटर खाली ओढलेलं. मी दाराशी स्टुलावर बसायची, पंख्याचा वारा माझ्यापर्यंत पोचायचा नाही. आत पोरी ओळीत. अनवाणी पायांचे धप्प, धप्प आवाज, कापडाचा फटकारा, आणि श्वास. ओठ घट्ट मिटलेले. जिथे आवाज काढायचा तिथे त्यांनी नाकातून श्वास सोडायचा, असं रेखाताईने बसवून दिलं होतं. फुस्स. सगळ्या मिळून, फुस्स. सापाच्या पेटाऱ्याशेजारी बसल्यासारखं वाटायचं मला. चुकून एखादीचा आवाज निघाला की बाकीच्या डोळे मोठे करायच्या, आणि ती स्वतःच तोंडावर हात ठेवायची. तो खाली केलेला हात पुन्हा वर गेला होता.

कोमल सगळ्यांत तरबेज झाली. तिचे हात असे फिरायचे की दिसायचे नाहीत. एक दिवस दिलीप आला. शटर अर्धं वर करून, वाकून, बघत राहिला. पोरीने तिच्यापेक्षा थोराड पोरीला कमरेवरून खाली टाकली, एक शब्द न काढता. दिलीप सरळ झाला, शटर खाली ओढलं, आणि मला म्हणाला, "धाडसू दहावीले." मी त्या रात्री साखर घालून शिरा केला आणि नानीला चमच्याने भरवला. आनंदाचे असे थोडेच दिवस होते, ते सांगायला हवेत.

नववीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी बाकीच्या पोरी पुढे निघून आल्या. कोमल वर्गातलं काही जमा करायला मागे राहिली. त्या दिवशी मी खाटेवर होते, चपला मोजत होते, आणि एक जोडी कमी पडली.

तेच दोघं होते. ह्या वेळी ट्रॅक्टर आला नाही. त्यांनी तिला केळीत ओढली. आणि माझी पोर लढली. मी तिला माझी म्हणते, दिलीप रागावणार नाही. एकाच्या डोळ्यात अंगठा घातला, दुसऱ्याला गुडघा मारून पाडला. त्याने उठून तिचा हात पिरगाळला, कोपरापाशी मोडला. तरी ती थांबली नाही. शेवटी तेच पळाले. ती मोडका हात दुसऱ्या हाताने धरून चालत घरी आली, आणि ह्या वेळी सुई-दोरा मागितला नाही.

तिच्या अब्रूला धक्का लागला नाही, असं गाव म्हणालं. दिलीपने पोलिसांत जाऊ दिलं नाही. शहाद्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं तेव्हा मी तिच्या उशाशी होते. मी काही विचारलं नव्हतं. तीच छताकडे बघत म्हणाली, "मगनकाका बाजूनाच मळामा व्हतात, जिजी. माले त्यास्ना आवाज ऐकू ये. मी तोंड उघाडाले गऊ. उघडनंच नही. नाकमातूनच निंघे सगळं."

मगनचा आवाज तिला कसा ऐकू आला, ते मला मगननेच सांगितलं. तो स्वतःहून आला. उंबऱ्याच्या आत येईना, ओसरीच्या पायरीवर बसला. ठिबकचे कॉक फिरवायला गेला होता. शेजारच्या बागेत धडपड ऐकली. पानं मोडत होती, खोड हलत होतं.

"माले वाटनं डुकरं शेतस, जिजी. मी हुर्र हुर्र करं. दोन ढेकळंबी मारी फेकात." मग ढेकळं फेकलेले तळहात त्याने माझ्यापुढे उघडून धरले. "मानूस व्हतं तर आवाज येता ना? एक हाक जरी येती तरी मी पयत येतू. तुले माहीत शे ना, मी येतू."

तो धावत आला असता, मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मी त्याला चहा दिला, त्याने तो तसाच ठेवला.

गोदाम कोणी बंद करा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरी आल्याच नाहीत, तेव्हा ते आपोआप बंद झालं. रेखाताई एकदा येऊन गेली. कोमलच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्यापाशी बसली, आणि जाताना म्हणाली, "दारं लावून, पाण्यावाचून पोहायला शिकवल्यासारखं झालं हो, जिजी." पुन्हा आली नाही. मी फोन केला तर उचलते, बरं-वाईट विचारते, पण आमच्या रस्त्याला लागत नाही.

कोमलला निझरला मामाकडे ठेवलं, मग तिथेच सोयरीक झाली. दहावीचा विषय कोणी काढला नाही. पावसाळ्यात नानी गेली तेव्हा मी ओरडले नाही, मला जमलंच नाही, सून ओरडली. माणसं आली. मगन सगळ्यांच्या मागून आला. दारात थांबला, आधी आत डोकावून बघितलं, खरंच कोणी गेलंय ना, आणि मग कुऱ्हाड आणायला परत घरी गेला.

गोदामात आता पुन्हा खताची पोती आहेत. पुरुषोत्तमभाई भेटले की तसेच हसतात, तब्येत विचारतात. गावाने काही वाईट केलं असं गावाला वाटत नाही. परवानगी तर दिलीच होती. आणि पोरी केळीतून येतात-जातात. थोडे दिवस बापांनी मोटारसायकलवर नेलं-आणलं, मग पपईची तोडणी आली, बापांना वेळ उरला नाही.

कोमलची धाकटी, पूनम, यंदा नववीत आहे. काल दुपारी तिच्या चपला ओळखल्या आणि मी खाटेवर उठून बसले. हाक मारली. आली, दप्तर पोटाशी धरून.

मी म्हटलं, "पूनम, एक काम कर. इथे उभी राहा, आणि जोरात एक हाक दे. कोणालाही. मला बघायचंय कुठपर्यंत जातो तुझा आवाज."

"आत्ते, जिजी?"

"आत्ता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून मारुतीच्या ओट्याकडे पाहिलं. भर दुपार होती, ओट्यावर कोणी म्हणजे कोणी नव्हतं. नुसतं ऊन पडलेलं. सगळे घरात झोपलेले.

ती हसली. हात तोंडावर ठेवला, आणि घरी गेली.